मोजायला दोघं लागतात

तुम्ही सोनमाळच्या दोन भावांमध्ये पाचर ठोकलीत. दुसऱ्या-तिसऱ्या कुणी नाही, तुम्हीच. गळ्यात ओळखपत्र, हातात चहाचा कप, समोर टेबलावर ते मशीन, आणि तुम्ही सहज एक वाक्य फेकलंत. फेकलंत आणि पुढच्या गावाचं मशीन मागवलंत. ते वाक्य जिथं पडलं तिथं काय काय जळालं, ते बघायला तुमच्यापैकी एकही जण माळावर फिरकला नाही. आता ऐका.

सोनमाळ म्हणजे मंगळवेढ्याच्या दक्षिणेला माळावर विखुरलेली धनगरवस्ती. सगळी एका पणज्याची पोरं. कुठल्याही दारात उभं राहून हाक मारा, बाहेर येणारा सख्खा नाहीतर चुलत लागतोच. ज्वारी आली तर आली, नाही आली तर मेंढरं आहेत, असा इथला जगण्याचा हिशेब. हरिबा आणि बिरुदेव या सख्ख्या भावांचा खांडवा, म्हणजे मेंढरांचा कळप, वस्तीत सगळ्यात मोठा. बाप गेल्यावर त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या, शेतात बांध पडला, पण मेंढरं एकत्रच राहिली. दरसाल ज्वारीची काढणी उरकली की दोघं खांडवा घेऊन माळशिरसकडं, उसाच्या पट्ट्यात चारायला जायचे. थोरला हरिबा पुढं, बिरुदेव मागं. पुढं चालणाऱ्यानं कधी मागं वळून बघितलं नाही. मागं भाऊ असल्यावर बघायचं कशाला?

यंदा पंचायत समितीची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि हरिबाची सून विजयमाला उभी राहिली. नवरा श्रीमंत ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. ही बारावी शिकलेली, तोंडाची फटकळ. मागच्या उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्यासाठी तिनं तालुक्याच्या कचेरीच्या दारात रिकामी घागर आपटली होती, तेव्हापासून लोक तिला ओळखायचे. समोर उभी होती एका शिक्षणसंस्थेच्या मालकाची भावजय. मालकाला सगळे दादासाहेब म्हणायचे. गाड्या त्याच्या, मंडप त्याचे, आणि निवडून यायची सवयही त्याच्याच घराला.

मतमोजणी तालुक्याला एका गोदामात होती. जाळीच्या आतल्या अंगाला टेबलं आणि साहेब, बाहेरच्या अंगाला उमेदवारांची माणसं. हरिबा जाळीला नाक लावून उभा. फेऱ्यांवर फेऱ्या गेल्या. सोनमाळच्या शाळेतलं मशीन आलं तेव्हा विजयमाला थोडक्या मतांनी मागं होती. हरिबा निवांत झाला. त्यानं बंडीच्या खिशातून तंबाखू काढली आणि चुना लावून चोळत बसला. आता घरचंच ताट वाढलं जाणार होतं. वस्तीतली दोनशेच्या आसपास मतं, आणि त्यातलं एक इकडचं तिकडं होत नाही, अशी त्याची खात्री.

साहेबानं सील फोडलं, बटण दाबलं. लाल आकडे लागले. विजयमालाच्या नावापुढं एकाहत्तर.

हरिबाला वाटलं, दुसऱ्या कुणाचा आकडा असेल.

"सायब, परत एकदा दाबा की."

साहेबानं परत दाबलं. एकाहत्तर.

"न्हाय, म्हंजे... आतली मतं बघून दाबा."

जाळीपाशी हशा पिकला. दादासाहेबांच्या एका कार्यकर्त्यानं हरिबाच्या खांद्यावर हात टाकला. "आबा, आत काय बघताय? तुमच्याच दारातल्या कुत्र्यानं भाकरी पळवली तुमची."

साहेबानं चहाचा घोट घेतला. चांगला माणूस होता, आवाजही मऊ. म्हणाला, "आबा, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

झालं. एवढंच वाक्य. पुढचं मशीन आलं.

निकाल लागला, विजयमाला पडली. फाट्यावर एसटीतून उतरून वस्तीपर्यंत चालताना हरिबाच्या डोक्यात ते वाक्य गोचिडासारखं चिकटून बसलं. यंत्र खोटं बोलत नाही. शिकलेला माणूस म्हणतोय, सरकारचा माणूस म्हणतोय. मग माणसं बोलली. पण कोण? दारादारांवरून तो जाऊ लागला. हे दार? यांच्या लग्नात आपण जेवण वाढलं. ते दार? त्याच्या बैलाला आपण रात्रभर शेकलं. प्रत्येक दारातून "आबा, काय झालं वो?" अशी हाक येत होती आणि त्या हाकेत आज पहिल्यांदा त्याला काहीतरी लपवल्याचा वास येत होता. माणूस असा एका वाक्यात नासतो बघा. दुधात लिंबाचा एकच थेंब पुरतो.

बिरुदेवच्या अंगणात येईपर्यंत त्याचं ठरलं होतं.

बिरुदेव मेंढरांच्या खुरांना औषध लावत बसला होता. त्याची बायको चिमाबाई चुलीपुढं. हरिबा उंबऱ्याच्या अलीकडंच थांबला.

"कुमार मतदानाला कुणाच्या गाडीतनं आला रं?"

कुमार म्हणजे बिरुदेवचा पोरगा. सोलापुरात दादासाहेबांच्याच कॉलेजात शिपाई. शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहायचा. मतदानादिवशी कॉलेजची जीप या भागातल्या नोकरांना घेऊन आली होती.

"तुला ठावं हाय की," बिरुदेव म्हणाला. "जीपमधनं आला. त्यांच्याच डिझेलवर येऊन आपल्या सुनंला मत दिलं म्हणून आपुनच हसलो की त्या दिवशी, आण्णा."

"हसलो व्हतो. हसू कुणावर व्हतं ते आज कळलं."

बिरुदेवच्या हातातली बाटली तिथंच थांबली. "काय म्हणायचं हाय तुला? सरळ म्हण."

"सरळच म्हणतो. पोराची नोकरी जपलीस तू. एकाहत्तर मतं पडली आपल्या शाळंत. एकाहत्तर! तुझ्या घरची, तुझ्या पोराची, तुझ्या शब्दावरची... कुटं गेली? मशीन खोटं बोलत न्हाय म्हणला सायब. मंग कोण बोललं?"

चिमाबाई चुलीपुढून उठली. तव्यावरची भाकरी तशीच. "भावजी, तुमच्या श्रीमंतला मी माझ्या अंगावर पाजलाय. तुमची बायको बाळंतपणात तापानं तळमळत व्हती तवा. त्या पोराच्या बायकुला मी मत देणार न्हाय व्हय? जीभ कशी रेटली तुमची?"

"माझी न्हाय जीभ. मशीनची हाय."

"मंग मशीनच्याच घरी जेवायला जावा," चिमाबाई म्हणाली, आणि करपलेली भाकरी तिनं कुत्र्यापुढं टाकली.

बिरुदेव बाटलीला बूच लावून उठला. "आण्णा, मेंढरं वाटून टाक. ज्याच्या मागं चालायचं त्येलाच मी चोर वाटतो, तर चालून काय करू?"

मेंढरं वाटायची म्हणजे आधी मोजायची. आणि धनगराची मोजणी तुम्हाला माहीत नाही, साहेब, म्हणून सांगतो. मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात. त्या वाघरीला एका जागी फट ठेवतात, एका मेंढराच्या अंगापुरती. फटीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं गुडघे टेकून बसतात. मेंढरू निघालं की दोघांचे हात त्याच्या पाठीवर पडतात आणि दोघांची तोंडं एकदम आकडा म्हणतात. दोघांचे आकडे फाटले की सगळा खांडवा पुन्हा आत, पुन्हा पहिल्यापासून. कितीही ऊन होऊ दे. एकट्यानं मोजलेला खांडवा आम्ही खरा धरत नाही. मालकानं एकट्यानं मोजलेला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ तसेच बसले. एकमेकांच्या तोंडाकडं न बघता. मेंढरं निघू लागली. लोकरीत हात पडत होते, बोटं बोटांना लागत होती आणि आकडे एका सुरात चालले होते, जसे लहानपणापासून चालत आले होते. भांडण हात धरून बाजूला बसवल्यासारखं झालं होतं. मधेच एक लंगडी मेंढी अडकली तर दोघांनी एकदम तिचा पाय सोडवला, आणि मग दोघांनाही आपण वैरी असल्याचं आठवलं.

विजयमाला गवताच्या गंजीला टेकून हे बघत होती. निकालापासून ती जेवली नव्हती की रडली नव्हती. एकदम म्हणाली, "मामा, तुमचा हात कुटं हाय?"

"मेंढराच्या पाठीवर. आंधळी हायीस का?"

"आन् त्या दिवशी गोदामात कुटं व्हता?"

हरिबा आकडा विसरला. बिरुदेवही विसरला.

"जाळीवर व्हता," हरिबा हळूच म्हणाला.

"मंग मोजलं कुणी? तुमी तर नुसता आकडा वाचला. मेंढरू एक बी बघितलं न्हाय. मागच्या आमदारकीला मशीनशेजारी एक खोकं व्हतं, त्यात आपण दाबलेल्याची चिठ्ठी दिसायची, खाली पडायची. या टायमाला त्ये खोकं सुदीक नव्हतं. नुसतं पीं वाजलं आन् घरी या. त्या पींवर तुमी काकांना चोर ठरवलं व्हय?"

बिरुदेवनं वाघरीची फट हातानं बंद केली. राहिलेली मेंढरं आत ढुशा देऊ लागली. "सूनबाई," तो म्हणाला, "तू म्हणतीस ते खरं. पण आण्णाच्या पोटातला काटा बोलण्यानं निघायचा न्हाय. रविवारी बिरोबापुढं भंडारा ठेवा. सगळ्या वस्तीला बोलवा. मी बी उचलतो."

भंडारा म्हणजे देवाची हळद. सोनमाळात ती हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बांधाची भांडणं, सोयरिकीतली फसवणूक, सगळं तिथंच मिटतं. कोर्टाचं तोंड वस्तीतल्या निम्म्या माणसांनी बघितलेलं नाही.

हरिबानं मान हलवली. आणि इथंच त्याचं चुकलं. धनगरच करू जाणे अशी चूक. त्याला वाटलं, मेंढरांची मोजणी खरी होते तशी माणसांची पण होईल. फटीतून काढायची, दोघांनी हात लावायचा, संपलं.

रविवारी देवळापुढं वाघर ताणली. एक फट ठेवली. एका बाजूला हरिबा, दुसऱ्या बाजूला बिरुदेव. मधे पाटावर भंडाऱ्याची परडी घेऊन पुजारी सिदू. विजयमालाला मत दिलेल्यानं परडीतला भंडारा कपाळाला लावायचा, ज्वारीचा एक दाणा परातीत टाकायचा आणि फटीतून पलीकडं जायचं. नसेल दिलं त्यानं नुसतं बाजूला व्हायचं, कुणी शिवी द्यायची नाही, असं हरिबानं आधीच ओरडून सांगितलं.

"आमाला मेंढरागत काढताय व्हय रं?" एक म्हातारी म्हणाली.

"मेंढराची मोजणी खरी असती आज्जे. माणसाचीच खोटी निघाली म्हणून तर."

"मंग लोकर बी कातरून घ्या," म्हातारी म्हणाली आणि भंडारा लावून टुणकन पलीकडं गेली. सगळी हसली. कितीतरी दिवसांनी वस्ती हसली.

रांग सरकत होती. पोरी, सुना, काठी टेकणारे बाप्ये. सोलापुराहून सकाळच्या गाडीनं कुमार आला होता. रविवारची पहाऱ्याची ड्युटी बुडवून. कपाळाला भंडारा फासून तो हरिबापुढं वाकला आणि त्याच्याच कानात बोलला, "थोरले आबा, हितं आल्याचं कळलं तर उद्या मला कामावरनं काढतील. आता तरी पटलं का?" हरिबानं त्याच्या पाठीवर हात टेकला आणि आकडा म्हटला.

सिद्धाप्पा नावाचा एक चुलता पुढं आला. परडीपुढं उभा राहिला. हात पुढं केला आणि मागं घेतला.

"मी न्हाय घेत," तो म्हणाला. "मी त्यांना दिलं. माझ्या जावयाला त्यांनी चिकटवलंय शाळंत. पोरीकडं बघून दिलं. मारायचं तर मारा."

रांगेत कुजबूज उठली. कुणीतरी थुंकलं. हरिबा मात्र गुडघ्यावरून उठला आणि सिद्धाप्पाला बाजूच्या दगडावर बसवून आला. "बस. पाणी पी. तू खरा माणूस." त्याच्यामागून आणखी चार-पाच जणं तशीच बाजूला झाली, मान खाली घालून. हरिबाला प्रत्येक वेळी वाईट वाटलं आणि प्रत्येक वेळी बरंही वाटलं. ज्यानं दिलं नाही तो नाही म्हणतोय. म्हणजे हो म्हणणाराही खराच.

परातीत दाणे वाढत होते. विजयमाला शेजारी बसून मोजत होती. एकाहत्तर कधीच मागं पडलं. एकशे चारावर आले आणि रांग अजून देवळाच्या मागपर्यंत होती.

मग पोलिसांची जीप आली.

फौजदार तरुण होता. उतरला आणि वाघरीकडं, परातीकडं, पिवळ्या कपाळांकडं बघत राहिला. त्याला हे काय आहे ते कळेना, आणि ज्याला कळत नाही त्याला राग लवकर येतो.

"काय चाललंय इथं? वेगळं मतदान घेताय?"

"मतदान न्हाय सायब, भंडारा हाय," सिदू म्हणाला.

"मत गुप्त असतं. असं चारचौघांत वदवून घेणं गुन्हा आहे. दबाव टाकताय तुम्ही लोकांवर."

विजयमाला उठली. "आमचं मत आमी आमच्या तोंडानं सांगतोय. गुप्त ठेवायचं का न्हाय ते आमचं आमी बघू. तुमच्या मशीननं इतकं गुप्त ठेवलं की आमालाच सापडंना झालंय."

"बाई, जास्त बोलू नका. जमाव पांगवा. आणि ती परात इकडं द्या."

परात तोवर रिकामी झाली होती. चिमाबाईनं दाणे ओटीत घेऊन पदराची गाठ मारली होती. फौजदारानं तिच्याकडं बघितलं.

"ज्वारी हाय सायब," ती म्हणाली. "भाकरी करायची. का भाकरी बी गुप्त करायची असती?"

रांगेतले लोक पांगवले गेले. दोघा भावांची नावं लिहून घेतली गेली, नोटिसा हातात पडल्या. रांगेतल्या उरलेल्यांसारखा आणखी एकाचा भंडारा उचलायचा राहिला होता. बिरुदेवचा. तो मोजायला बसला होता, म्हणून शेवटी उचलणार होता.

जीप निघून धुरळा बसला. तेव्हा तो उठला. परडीत बोटं बुडवली. हरिबा बघत होता. नको होतं त्यानं बघायला, पण बघत होता. आणि बिरुदेवचा हात थरथरला. परडीपासून कपाळापर्यंत येईस्तोवर निम्मा भंडारा खाली सांडला.

एवढंसं थरथरणं. पण हरिबाच्या डोक्यातला गोचीड अजून सुटला नव्हता. यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. त्याचे डोळे बिरुदेवच्या बोटांवरून हलेनात.

बिरुदेवनं ते बघितलं.

"हाताकडं बघतोयस नव्हं?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "थरथरला. व्हय. देवापुढं न्हाय थरथरला, आण्णा. तू बघत व्हतास म्हणून थरथरला. बापाच्या माघारी तुझ्या पाठीमागं चाललो जन्मभर. तू कदी वळून बघितलं न्हाईस. आज बघितलंस."

"बिरू..."

"भंडारा उचलायची पाळी परक्यावर येती. तू मला परका केलास. त्या लाल आकड्यासाठी."

दुसऱ्या दिवशी बिरुदेव आपला अर्धा खांडवा घेऊन माळशिरसच्या वाटेला लागला. एकटा. जाताना मेंढरं सारखी मागं वळत होती, आपली निम्मी संगत कुठं राहिली ते शोधत. हरिबा बांधावर उभा होता. हाक मारावी वाटली. पण हाक मारून सांगायचं काय? 'माझा विश्वास हाय' असं? विश्वास असता तर हाक मारायची वेळ आली असती का? 'विश्वास न्हाय' असं? तेही खरं नव्हतं. खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातातून नेमकी हीच गोष्ट काढून घेतली गेली होती. दादासाहेबानं फार तर एक खुर्ची नेली असेल. भाऊ कुणी नेला?

चार दिवसांनी चिमाबाई त्याच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. पदराची गाठ सोडून तिनं दाणे एका फडक्यात बांधले आणि ओट्यावर ठेवले.

"हे सोलापूरला न्या," ती म्हणाली. "मोठ्या सायबापुढं ठेवा. त्याच्या तोंडातनं खरं काय ते काढून आणा. त्याबिगर ह्यांना माघारी बोलवू नका. आलं तर मी घरात घेणार न्हाय, तुमाला बी आन् त्यांना बी."

म्हणून हरिबा आणि विजयमाला सोलापूरला आले. कुमारनं स्टँडवर त्यांना गाठलं. त्याची नोकरी गेली होती, पण तो ते हसत सांगत होता, आता पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात लागलोय म्हणाला. त्यानंच जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसची वाट दाखवली आणि बाहेर उभा राहिला. आत या खिडकीवरून त्या खिडकीवर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब व्हीसीवर. बाकावर हरिबाशेजारी बसलेल्या एका हातमागवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "क्या काम है बाबा?" हरिबा म्हणाला, "भावाचं काम हाय." म्हाताऱ्याला जमिनीचा वाद वाटला. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली.

शेवटी आत बोलावलं. हे मोठे साहेबही गोदामातल्यासारखेच चांगले होते. बसा म्हणाले, पाणी मागवलं. तीच तर पंचाईत. हे लोक शिव्या देत नाहीत, त्यामुळं यांच्याशी भांडता येत नाही.

विजयमालानं सगळं सांगितलं. मशीन उघडा, आमच्या आणि त्यांच्या माणसांसमोर परत बघा, चूक आमची निघाली तर मी गावापुढं माफी मागीन.

"ताई, तसं करता येत नाही. निकाल जाहीर झालाय. तुम्हाला कोर्टात जाता येईल."

"चिठ्ठीचं खोकं का नव्हतं मग?"

"या निवडणुकीत ते नसतं."

"का नसतं?"

"नसतं, ताई. यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे. तज्ज्ञांनी तपासलेली आहे."

"तज्ज्ञांना दिसलं, आमाला का दिसू नये? मत त्यांचं व्हतं का आमचं?"

साहेबांनी चष्मा काढला आणि हरिबाकडं वळले. म्हाताऱ्या माणसाला समजावता येईल असं त्यांना वाटलं असावं. "आबा, तुम्ही अनुभवी आहात. तुम्हीच सांगा, सगळ्या भावकीसमोर भंडारा ठेवल्यावर नाही कोण म्हणेल? लोक लाजेखातर उचलतात. मनात एक असतं, तोंडावर एक. माणूसच तो."

हरिबानं फडकं टेबलावर सोडलं. ज्वारीचे दाणे काचेवर पसरले. पिवळे, हळदीचे डाग पडलेले.

"सिद्धाप्पा न्हाय म्हणला की," तो म्हणाला. "भावकीपुढंच म्हणला."

"एखादा म्हणतो."

"एखादा न्हाय, पाच-सहा म्हणले."

"हे दाणे उचलून घ्या आबा, कागदांत जातील."

"ऱ्हाऊ द्या." हरिबा उभा राहिला. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, मेंढराच्या पाठीवर असतात तसे. "सायब, हरल्याचं मला काय न्हाय. मेंढपाळाला हरायची सवय असती. रोग येतो, निम्मा खांडवा जातो, आमी उरलेलं घेऊन चालायला लागतो. लांडगा नेतो. पण लांडगा बी पायाचा ठसा ठेवून जातो, रगत सांडून जातो. आमी जाऊन बघतो, म्हणतो, व्हय, लांडगाच व्हता, कुत्र्यानं न्हाय खाल्लं. मंग कुत्र्याला मारत न्हाय. तुमी ठसा सुदीक ठेवला न्हाय. आन् वर म्हणलात, माणसं खोटं बोलत्यात. ते ऐकून मी माझ्या कुत्र्याला न्हाय, माझ्या भावाला मारलं."

साहेबांनी बेल वाजवली. शिपाई दारात आला.

"तुमचं मशीन खरं असंल. असू द्या. मंग एकशे चार माणसं देवापुढं खोटं बोलली, माझा बिरू खोटं बोलला, असं तुमच्या तोंडानं म्हणा. न्हायतर मशीन चुकलं म्हणा. दोन्ही न्हाय म्हणता येत तर आमच्यापुढं बसा, हितं तुमचा हात, हितं माझा, आन् मोजा. पण मला असंच माघारी लावू नका. तिकडं माळशिरसच्या उसात तो एकटा हिंडतोय, मागं बघत. मी त्येला जाऊन काय सांगू?"

शिपायानं त्याच्या दंडाला हात लावला. हरिबा हलला नाही.

"बोला, सायब. माझा भाऊ खोटा का तुमी?"